एकशे सातवी गोष्ट

साखराबाईला पवित्र शास्त्रातल्या एकशे सात गोष्टी तोंडपाठ होत्या. सांगायची मात्र एकशे सहा.

लातुरात ख्रिस्ती मंडळीचं एक लहानसं देऊळ आहे, वर पत्रा आणि दारात कडुनिंब. रविवारी उपासनेच्या आधी तिथं लेकरांची शब्बाथशाळा भरायची. ती शाळा साखराबाईची. आदाम-हव्वेपासून पौलाच्या फुटक्या गलबतापर्यंत तिनं लेकरांना सगळं सांगितलं. एक तेवढी दोन घरांची गोष्ट नाही. शहाण्या माणसानं खडकावर घर बांधलं, मूर्खानं वाळूवर. पाऊस लागला, पूर आला, वारं सुटलं. खडकावरचं उभं राहिलं, वाळूवरचं पडलं. दोन मिनिटांची गोष्ट. ख्रिस्ती घरातल्या लेकराला दुधाचे दात पडायच्या आत ती येते. साखराबाईच्या लेकरांना येत नव्हती. कुणी विचारलंच तर म्हणायची, "ती फुडल्या साली." असं म्हणत सोळा सालं निघून गेली.

मग एका दिवाळीनंतर पाळकसाहेबांनी बालक-रविवारचा कागद वाचला. त्या रविवारी लेकरं उपासना चालवतात, मोठ्यांपुढं एक गोष्ट करून दाखवतात. कागदावर गोष्ट होती दोन घरांची. घरच्यांनी लेकरांना घेऊन परातीत दोन घरं करायची, असंही लिहिलं होतं. आणि शहाण्या माणसाचं काम साखराबाईच्या नातीला, सुवार्ताला.

"बाई, तुम्हीच बसवून घ्या," पाळकसाहेब म्हणाले.

साखराबाईनं मान हलवली. ती होकाराची का नकाराची, ते तिचं तिलाच कळलं नाही.

गोष्टी तिला सासूनं दिल्या होत्या. मल्लम्मा तिचं नाव. निलंग्याकडची, बोलता बोलता कानडीत शिरायची. मिशनच्या काळात ती बायबलबाई होती. काखेत चित्रांची गुंडाळी, हातात काळी छत्री, आणि पायी गावोगाव. साखराबाई लग्न होऊन तेरणेकाठच्या हरणवाडीला आली तेव्हा तिला स्वतःचं नाव लिहिता यायचं, तेवढंच. मल्लम्मा म्हणाली, "वाचता येत न्हाई तर न्हाई. कान हायत का न्हाई?" आणि जात्यावर एक, निंदणीत एक, अशा तिनं सुनेच्या कानात गोष्टी भरल्या.

मल्लम्माचा शिरस्ता असा, की गोष्ट नुसत्या तोंडानं सांगायची नाही, हातानं करायची. मोहरीच्या दाण्याची गोष्ट असली तर प्रत्येक लेकराच्या तळहातावर एक दाणा, आणि गोष्ट सरेपर्यंत मूठ उघडायची नाही. खमिराची गोष्ट असली तर आदल्या दिवशी आंबिलीचं पीठ भिजवायचं आणि लेकरांना वास द्यायचा. योनाला माशाच्या पोटाऐवजी रिकामी कणगी. एकदा एक योना कणगीतच झोपला आणि त्याची आई गावभर हुडकत फिरली. यरीहोच्या तटाला गावचा उकिरडा. लेकरं डबे बडवत सात फेरे घालायची आणि सातव्याला बोंब ठोकायची. उकिरडा काही कधी पडला नाही, पण पाटील धोतर सावरत बाहेर यायचा, "कोन मेलं रे?" शनिवारी दिवेलागणीला हे सगळं आधी घरात, चुलीपुढं व्हायचं. घरातले सगळे बसायचे. मग रविवारी देवळात.

सासू गेल्यावर हे साखराबाईकडं आलं. तिनं ते जिवापाड सांभाळलं, आणि एका ठिकाणी बदललं.

दोन घरांची गोष्ट हरणवाडीत चालेना. हरणवाडीची भुई काळी. पुरुषभर खणा, काळीच. लेकरं विचारायची, "बाई, खडक कुटं आस्तो?" आणि वाळूवर घर? "येडा हाय का त्यो?" हसायची, आणि गोष्ट तिथंच मरायची. तेव्हा साखराबाईनं लेकरांच्या डोळ्यांपुढचंच उचललं. शहाण्यानं दगडाचं घर बांधलं, मूर्खानं कुडाचं. कूड म्हणजे तुराट्या विणून, वरून शेणमाती लिंपून केलेली भिंत. गरिबाचं घर. आता लेकरांना झटक्यात कळलं. दोन्ही घरं गावात होती. बोट दाखवायची सोय झाली.

फक्त साखराबाईचं स्वतःचं घर कुडाचं होतं. एका रविवारी एक पोरगी म्हणाली, "बाई, मंग तुमी मूर्ख हाव का?" लेकरं खिदळली. साखराबाईही हसली. पण घरी येऊन तिनं नवऱ्याचं डोकं खाल्लं.

"माझ्या तोंडची गोष्ट, आन् माझंच घर कुडाचं? बांधा दगडाचं."

याकोब शेतमजूर, सरळ माणूस. "आगं, गोष्टीसाठी कोन घर बांधतंय का?" म्हणाला.

पण बांधलं. गुरुबसप्पा गवंडी भिंतीची दोरी लावता लावता म्हणाला, "बाई, ह्या भुईत मुरूम लागंस्तोवर खणावं. आन् भिंतीत आरपार लांब दगड घालावं, न्हाईतर भिंत दोन पदरी ऱ्हाती."

"पावसाच्या आत व्हाया पायजे," साखराबाई म्हणाली. गुरुबसप्पानं खांदे उडवले. दोन हात रुंद भिंती उठल्या, वर मातीचं जड माळवद, दारावर क्रूस.

पुढच्या पावसाळ्यात तिनं त्याच घरात लेकरं बसवून ती गोष्ट पुन्हा सांगितली. शहाण्याचं घर म्हणताना स्वतःच्या भिंतीवर थाप मारली. मूर्खाचं घर म्हणताना दारातून समोर बोट दाखवलं. समोर धुरपताबाईचं घर होतं, कुडाचं. धुरपताबाई आणि केरबा बौद्धवाड्यातली, मध्ये एक बोळ. त्यांची लुंबिनी आणि साखराबाईची रूथ जिवाच्या मैत्रिणी. लुंबिनी गोष्टींसाठी दर रविवारी यायची. त्या रविवारीही पहिल्या ओळीत होती. सगळी लेकरं हसली. रूथ हसली नाही. लुंबिनी उठली, फ्रॉक झटकला आणि घरी गेली. पुन्हा आली नाही.

अडीच महिन्यांनी भूकंप झाला.

गणपती बोळवून गाव गाढ झोपलं होतं. पुढचं ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी नाही पाहिलं त्यांना सांगून कळत नाही. उजाडलं तेव्हा हरणवाडीत दगडाचं एक घर उभं नव्हतं. कुडाची घरं कलली होती, एवढंच. साखराबाई छातीपर्यंत दगडात होती आणि ओरडत होती. तिच्यापुढं दोघी होत्या, धुरपताबाई आणि लुंबिनी. एकेक दगड उचलून मागं टाकत होत्या. दुपार झाली तेव्हा साखराबाई निघाली. याकोब आणि अकरा वर्षांची रूथ नंतर निघाली, मेलेली. शब्बाथशाळेत चौदा लेकरं होती, त्यातली पाच गेली. पाचही दगडाच्या घरातली.

थोरला शमुवेल उदगीरच्या बोर्डिंगात होता म्हणून राहिला. साखराबाई त्याच्यामागं लातूरला आली. रूथचं नाव निघालं की घरात एकच वाक्य ठरलेलं, देवानं बोलावलं. तिनं ते शमुवेलला सांगितलं, त्यानं बायकोला, बायकोनं सुवार्ताला. ते घर कशापायी उभं राहिलं होतं, ते ती कुणाला बोलली नाही.

तोवर लातूर भलतंच झालं होतं. ज्या गल्लीत शेळ्या बांधायचे तिथं क्लासच्या पाट्या. नांदेड, परभणी, पार किनवटपासून पोरं येत, खोल्या धरून राहत, डॉक्टर व्हायचं ठरवून. शमुवेलचं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या नोट्सवर चालायचं. वरच्या खोलीत एक पोरगी भाड्यानं राहायची, सुमय्या, अर्धापूरची. बापाच्या केळीच्या बागा. पहिल्या खेपेला नंबर लागला नव्हता म्हणून दुसऱ्यांदा बसली होती. साखराबाईला दादी म्हणायची.

आणि आता पाचवीच्या लेकरांचेही क्लास निघाले होते, रविवारी सकाळी. शब्बाथशाळेत पूर्वी चाळीस लेकरं बसत, आता नऊ. त्या नवातली एक सुवार्ता, आणि तिची आई मार्था तिलाही क्लासला घालायचं म्हणत होती. मार्था नांदेडची, बोलायला धारदार.

"मामी, तुमी उगं हट करून राहिल्या. सगळ्या पोरी फाउंडेशन बॅचला चालल्या. गोष्टी काय, घरी बी सांगता येत्यात."

"पाचवीतल्या लेकराचा कसला पाया घालून राहिलेत ते?"

"तेच. उद्या मागं पडली तर तुमी भराल का?"

साखराबाई म्हणाली, "बालक-रविवार होऊ दे. मंग तिला इचार. ती जे म्हनल ते." मार्थानं ते मान्य केलं. म्हणजे आता सगळं त्या एका रविवारावर आलं, आणि त्या रविवारी नेमकी तीच गोष्ट.

सुवार्तानं कागदात सांगितल्याप्रमाणं तयारी केली. समोर बांधकाम चाललेलं, तिथून वाळू आणली, खडे आणले, चिखल कालवला आणि अंगणात परात मांडली. दोन घरं झाली. एक खड्यांचं, एक वाळूचं. सुमय्या जिन्यात पुस्तक घेऊन बसली होती. साखराबाई शेंगा फोडत होती आणि परातीकडं बघत नव्हती.

"आजी, बग की! हे शहाण्याचं. आता पानी ओतते."

"पानी कशाला?" सुमय्या जिन्यातून म्हणाली. "पानी तर कोनी बी ओततं. परात हलव. इथं भूकंप झालता ना? आमच्या सरांनी परवाच शिकवलं. जेवढं वजन जास्ती, तेवढा दणका जास्ती." ती उतरली आणि तिनंच परातीला दोन्ही हातांनी हिसके दिले.

वाळूचं घर ढासळलं. खड्यांचंही कोसळलं, आतल्या बाजूला.

"शहाण्याचं बी पडलं!" सुवार्तानं टाळ्या पिटल्या.

"पडतं," साखराबाई म्हणाली. "तसंच पडतं. आत."

तिचा आवाज ऐकून सुमय्याचे हात थांबले. साखराबाईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं, खराट्याच्या काड्या उपसल्या आणि विणायला लागली. एक काडी आडवी, एक उभी. वरून चिखल लिंपला. वीतभर कूड झाला. तो तिनं परातीत रोवला.

"आता हलव."

सुमय्यानं हलवलं. कूड डुलला, कलला, थोडा चिखल झडला. उभा राहिला.

"आमच्या गावात असं झालं," साखराबाई म्हणाली, आणि मग तिनं नातीला सगळं सांगितलं. काळी भुई, बदललेली गोष्ट, नवऱ्याच्या मागं लागणं, बोट, लुंबिनी, भिंत. काही झाकलं नाही. शेंगा फोडाव्यात तसं एका सुरात सांगितलं.

सुवार्ता परातीतले खडे बघत होती.

"मंजी रूथआत्याला देवानं न्हाई बोलावलं?"

"देवानं काय केलं ते मला ठावं न्हाई. मी काय केलं ते सांगून राहिले."

"मंग तू खोटं बोललीस."

"हाव."

"पप्पाला बी?"

"हाव."

सुवार्ता उठली आणि आत गेली. एरवी ती आजीजवळ झोपायची. त्या दिवशी तिनं उशी उचलून आईकडं नेली.

दुसऱ्या दिवशी मार्था भांडायला आली, पण तिला भांडता येईना. "मामी, लेकराला कामून सांगायचं हे? आता ती म्हणती, मला बालक-रविवार नको, बॅच बरी." एवढं बोलून ती भिंतीला टेकून उभी राहिली. जे तिला हवं होतं ते मिळालं होतं, आणि तोंड मात्र उतरलं होतं.

शमुवेल दुकानातून आला. आईजवळ बसला.

"आई, मला गुरुबसप्पाकाका भेटले होते. दहा सालं झाली. म्हनले, तुज्या आईला सांग, माझं घर मुरमावर होतं, आरपार दगड घालून. ते बी पडलं."

"मंग सांगितलं कामून न्हाईस?"

"तू कदी विषयच काडला न्हाईस."

हे ऐकून ओझं उतरायला पाहिजे होतं. उतरलं नाही. साखराबाईला त्याचंच नवल वाटलं. भिंत कशीही बांधली असती तरी पडली असती, गवंड्यानंच सांगितलं. मग हे छातीवर अजून काय आहे?

दोन दिवसांनी दुपारी तिनं सुमय्याला हाक मारली. "बाळ, ते शास्त्र घे. मत्तयाच्या पुस्तकात प्रभू डोंगरावर बसतो तितून वाच. ती दोन घरांची गोष्ट येईपर्यंत." तिला एकदा मूळची गोष्ट कानानं ऐकायची होती. मल्लम्मानं गोष्टी तेवढ्या दिल्या होत्या. डोंगरावरचं बाकीचं बोलणं ही गोष्ट नव्हती, म्हणून ते पाठ नव्हतं. पाळक वाचायचे तेव्हा तुकड्यातुकड्यानं कानावरून गेलेलं.

सुमय्या हात धुऊन आली. मांडीवर स्वच्छ ओढणी पसरली, तिच्यावर पुस्तक ठेवलं. "आमच्यात याला इंजील म्हणतात, दादी," म्हणाली आणि वाचायला लागली. जे दीन ते धन्य, जे शोक करतात ते धन्य. मीठ. दिवा. मग खून करू नका. आणि मग, जो आपल्या भावाला मूर्ख म्हणेल तो नरकाच्या आगीला पात्र होईल.

"थांब. परत वाच."

सुमय्यानं परत वाचलं.

"आन् ती दोन घरांची गोष्ट कुटं हाय?"

तिनं पानं उलटली. "इथं, दोन-तीन पानं फुडं. सगळं एकाच बोलण्यातलं आहे, दादी. सुरुवातीला हे आणि शेवटाला ते."

म्हणजे त्यानं आधी सांगून ठेवलं होतं, कुणाला मूर्ख म्हणू नका, आणि मग बोलणं संपवताना ती गोष्ट सांगितली होती. साखराबाईनं शेवट घेतला होता आणि तो घेऊन नेमकं तेच केलं होतं. पहिल्या ओळीत बसलेल्या लेकरासमोर. ओझं भिंतीचं नव्हतं. बोटाचं होतं.

"फुडं वाच."

पुढं असं होतं, की तू वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि तिथं तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, त्याच्याशी समेट कर, मग ये.

साखराबाईनं पदरानं तोंड पुसलं. "शनवारी हरणवाडीला जाते," ती घरात ऐकू जाईल अशी म्हणाली. "रविवारच्या आधी गेलं पायजे."

दारात उभी असलेली सुवार्ता म्हणाली, "मी येते." चार दिवसांतलं आजीशी तिचं ते पहिलं बोलणं. "मला ते घर बगायचंय."

"शनवारी डेमो टेस्ट हाय तुजी," मार्था म्हणाली. सुवार्तानं ऐकलं नाही, आणि मार्थानंही दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

जुनी हरणवाडी म्हणजे आता बाभळी आणि ढिगारे. सुवार्तानं ते नुसतं पाहिलं. नवं गाव मैलभर अलीकडं, सिमेंटच्या घरांच्या सरळ रांगा. धुरपताबाईच्या घरात धान्याची पोती होती. ती स्वतः मागं राहायची, परसात. तिथं तिनं कूड घातला होता.

"कोन? साखरा?" तिनं कपाळावर हात धरून पाहिलं. "आगं, तू मेलीस म्हनून ऐकलं हुतं की!"

"न्हाई आजून. ही नात."

"नाक रूथचंच आनलंय." सुवार्ताचा हात नाकाकडं गेला. "बसा. केरबा गेला तीन साल झाले. च्या काळा चालंल का?"

चहा उकळायच्या आतच साखराबाई बोलली, नाहीतर राहिलं असतं. "धुरपता, मी तुमच्या घराला मूर्खाचं घर म्हनलं हुतं. लेकरांफुडं. लुंबिनीफुडं. ते सांगाया आले."

धुरपताबाईनं चुलीत फुंकर घातली. "सोळा सालं लागली व्हय गं? यष्टी तर दोन तासात येती."

"तुला ठावं हुतं?"

"लुंबिनीनं त्याच दिशी सांगितलं. रडली. मी म्हनलं, बोलू दे, नवं दगडाचं घर झालंय, चार दिस बोलनारच." मग म्हणाली, "राग लई आलता. तुज्या दारात शेन फेकावं आसं वाटलं."

"मंग माझ्यावरचे दगड कामून उचललीस?"

"आता हे काय इचारनं झालं?" धुरपताबाई चिडलीच. "तू वरडत हुतीस! वरडनाऱ्याला काय इचारावं, बाई, तू मला आदी काय म्हनली हुतीस?"

सुवार्ता पहिल्यांदा बोलली. "रूथआत्या कुटं हुती?"

धुरपताबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. लेकराला काय सांगावं याचा हिशेब तिनं केला असेल, पण खोटं सांगितलं नाही. "तुज्या आजीच्या हाताजवळ. लुंबिनी म्हनत हुती, आये, आदी रूथला. मी म्हनलं, आवाज येतोय तितं आदी. रूथचा येत न्हवता. नंतर काडलं. झोपेतच गेल्ती. लुंबिनी दोन सालं माझ्याशी धड बोलली न्हाई."

चहा झाला. तिघींनी प्याला.

"मला माफ केलंस का?" साखराबाईनं विचारलं.

"म्या काय करू? लेकराला म्हनलीस तू. तिला इचार. किनवटला आश्रमशाळेत बाई हाय ती. लेकरांना गोष्टी सांगती. तुज्यावानीच, हातानं करून. त्यो मोहरीचा दाना बी हातावर देती. देवाचं नाव तेवढं काडत न्हाई."

मोबाईल निघाला. लुंबिनीचा फोन लागला नाही, तिकडं जंगलात रेंज नसते. सुवार्तानं नंबर वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवून घेतला आणि आजीच्या पिशवीत ठेवला.

परतीच्या एसटीत औसा आलं. सुवार्ता म्हणाली, "आजी, मला शहाण्या माणसाचं काम नको."

"बरं," साखराबाई म्हणाली. तिला वाटलं, संपलं.

"मला दगड उचलनारीचं पायजे."

"पुस्तकात ती न्हाई, बाळ."

"गावात हुती की."

बालक-रविवारी देवळात चाळीसेक माणसं होती. मार्था मागं उभी. सुमय्याचा पेपर होता, तरी ती जाताना दारातून परात बघून गेली. परातीत तीन घरं, खड्यांचं, वाळूचं आणि कुडाचं. साखराबाई पुढं झाली. मंडळीच्या रिवाजाप्रमाणं सगळ्यांना "सलाम" म्हणाली आणि सोळा वर्षांनी एकशे सातवी गोष्ट सांगितली, आधी जशी पुस्तकात आहे तशी. शहाणा, मूर्ख, खडक, वाळू, पाणी. खडक म्हणजे प्रभूचं बोलणं ऐकणं आणि तसं करणं, हेही सांगितलं. "मी नुसतं ऐकलं हुतं," ती म्हणाली. "शेजारणीला मूर्ख म्हनू नको, हे बी त्यानं त्याच डोंगरावर सांगितलं हुतं. ते केलं न्हाई. हे दोन घरं पुस्तकातले. आता हे तिसरं आमच्या गावचं." आणि तिनं तेही सांगितलं, रूथचं नाव घेऊन. पाळकसाहेब एकदा खुर्चीत पुढं सरकले, मग मागं टेकले. लेकरांनी परात हलवली.

खड्यांचं घर धाडकन आत पडलं. पुढं बसलेल्या लेकरांनी, लेकरं वाजवतातच तशा, टाळ्या वाजवल्या.

सुवार्ता उठली. तिनं टाळी वाजवली नाही. परातीजवळ गुडघ्यांवर बसली आणि एकेक खडा उचलून मागं टाकायला लागली. घाई नाही, सांडलवंड नाही. कुडातल्या बाईचं काम कसं करायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. खडा मागं ठेवलेल्या पत्र्याच्या अर्पणपेटीवर पडायचा, टक. मग दुसरा, टक.

टाळ्या थांबल्या. शेवटचा खडा निघेपर्यंत देवळात दुसरा आवाज नव्हता.